आरसा कुठे लावायचा? फोंड्यातल्या एका मॉडेलचं प्रकरण

चवथीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरू लागले त्या आठवड्यातली गोष्ट. फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीच्या दोन मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल करायला घेतलं होतं. विषय त्यांनीच निवडला: क्ष-किरणांचा लेझर. मी विषयाला होकार दिला, आकृती पाहिली आणि वहीत सही केली. पुढे जे काही निस्तरावं लागलं, त्याची सुरुवात त्या सहीपासून झाली.

मॉडेल दिसायला झकास होतं. पाऊण मीटर पीव्हीसीचा पाइप, मध्ये निळा एलईडी, पाइपच्या एका तोंडाला पावडरच्या डबीतला गोल आरसा, दुसऱ्या तोंडाला तसाच आरसा, पण मागचा मुलामा अर्धवट खरवडलेला, म्हणजे थोडा उजेड बाहेर पडावा. खाली चिठ्ठी: 'येथे क्ष-किरण पुढे-मागे फिरून वाढतात.' पाठ्यपुस्तकातला माणिक लेझर घ्यायचा, रंग बदलायचा, झाला क्ष-किरण लेझर. मलाही तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

खटकलं ते एकीच्या मामांना. ते एका इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन होते, तीसेक वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. भाचीला न्यायला स्कूटर घेऊन आले होते. प्रयोगशाळेच्या दारातूनच त्यांनी विचारलं, "हे आरसे कसले गो?"

"काचेचे, मामा."

"मग माझा एक्स-रे त्यातून पार जाईल. परत कशाला येईल? तो आरशासारखा परत येत असता, तर मी फिल्म पेशंटच्या पाठीमागे कशाला लावली असती? पुढेच लावली असती."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शिशाचा एप्रन तुम्ही घालता तो परत येणाऱ्या किरणांसाठीच ना?" हा माझा दुसरा घोटाळा. मामांनी शांतपणे सांगितलं, "ते विखुरलेले, सर. भिंतीवर पाणी मारलं की शिंतोडे उडतात तसे. शिंतोडे गोळा करून परत धार होते काय?"

प्रदर्शनाला तीन आठवडे होते. आरसे काढायचे ठरलं. पण आरसे काढले तर लेझर उरतो कुठे?

आरसा का हवा, आणि का चालत नाही

साध्या लेझरमध्ये आरसा ही चैनीची वस्तू नाही. शाळेच्या कपाटात असतो त्या हेलियम-निऑन लेझरच्या नळीतून उजेड एकदा गेला, तर जेमतेम एक-दोन टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याने काहीच होत नाही. दोन उत्तम आरशांमध्ये त्याला शेकडो येरझारा घालायला लावल्या, तरच चक्रवाढ व्याजासारखा तो फुगतो. शिवाय आरसे शिस्तही लावतात. तिरका जाणारा उजेड बाहेर पडतो, सरळ रेषेतला टिकतो.

क्ष-किरणांसाठी काच, चांदी, ॲल्युमिनियम हे आरसे नाहीतच म्हटलं तरी चालेल. पदार्थात शिरताना ते नगण्य वळतात. समोरून पडले तर एक तर आत घुसतात, नाही तर शोषले जातात. फक्त अगदी चाटून गेले, म्हणजे पृष्ठभागाशी अर्ध्या अंशापेक्षाही लहान कोन करून आले, तरच परावर्तित होतात. देवळाच्या तळीत चपटी खापरी आडवी भिरकावली की ती टणाटण उडत पलीकडे जाते, वरून टाकली की बुडते, तसंच. उडणारी खापरी पुढे जाते, आपल्या हातात परत येत नाही. येरझारांसाठी तिचा उपयोग शून्य.

दुसरी अडचण आरशाहून मोठी, आणि ती मामांनाही ठाऊक नव्हती. लेझरला आधी पुष्कळ अणू उत्तेजित करून ठेवावे लागतात, म्हणजे एका फोटॉनने, प्रकाशाच्या एका कणाने, डिवचलं की दुसरा तसाच फोटॉन बाहेर पडावा. हे उत्तेजित उत्सर्जन आइन्स्टाइनने १९१६-१७ मध्ये कागदावर मांडलं; मेमनने १९६० मध्ये माणिकाच्या कांडीतून ते काढून दाखवलं. माणकातला अणू उत्तेजित झाल्यावर साधारण तीन मिलिसेकंद दम धरतो. अणूच्या जगात हा काळ म्हणजे युगच. क्ष-किरण हवे असतील तर आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवावा लागतो, आणि ती रिकामी जागा एका सेकंदाच्या एक हजार लक्ष कोटीव्या भागाच्या आसपास, म्हणजे फेमटोसेकंदांत, भरून जाते. तळाला भोक पडलेल्या हंड्यात पाणी साठवण्याचा प्रकार. आइन्स्टाइनच्या समीकरणातून आणखी एक गोष्ट निघते. आपोआप होणारं उत्सर्जन उत्तेजित उत्सर्जनाच्या तुलनेत वारंवारतेच्या घनाच्या पटीत वाढतं. माणकाचा तांबडा उजेड ६९४ नॅनोमीटरचा, आपल्याला हवा तो ०.१५ नॅनोमीटरचा. मुलींनी भागाकार करून घन काढला: साधारण दहा हजार कोटी पट. एक जण म्हणाली, "सर, मग विषय बदलूया?"

बदलला नाही, पण एक वळसा घेतला. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत प्रचंड ताकदीच्या साध्या लेझरने सेलेनियमचा पातळ पत्रा क्षणात प्लाझ्मा केला. अणूंचे ३४ पैकी २४ इलेक्ट्रॉन उडाले आणि २० नॅनोमीटरच्या जरा वर दोन रेषा लेझरसारख्या वाढलेल्या दिसल्या. आरसा नव्हता, प्लाझ्माची लांबट रेघ होती आणि उजेड तिच्यातून एकदाच गेला. हे मऊ क्ष-किरण, अणूंमधली अंतरं मोजायला फार लांब तरंगाचे. त्याच प्रयोगशाळेत अणुबॉम्बच्या स्फोटाने क्ष-किरण लेझर चालवण्याची योजनाही होती. रेगन यांच्या १९८३ मधल्या भाषणानंतर तिचा फार गाजावाजा झाला आणि शस्त्र काही हाती लागलं नाही. मुलींना बॉम्बमध्ये सगळ्यांत जास्त रस वाटला. मी तो विषय तिथेच थांबवला.

पट्टीवरची चुंबकं

खरी वाट वेगळीच होती: अणूच सोडून द्यायचा. इलेक्ट्रॉन अणूत अडकलेला नसेल, तर त्याला कवच नाही, रिकामी जागा नाही, गळका हंडाही नाही. स्टॅनफर्डमध्ये जॉन मेडी यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली आणि त्याच दशकात अवरक्त प्रकाशासाठी चालवून दाखवली. म्हणून नाव फ्री इलेक्ट्रॉन लेझर. इलेक्ट्रॉनांचा पुंजका जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवायचा आणि चुंबकांच्या लांबलचक रांगेतून न्यायचा. चुंबकांचे ध्रुव आलटून-पालटून लावलेले, त्यामुळे इलेक्ट्रॉन डावी-उजवीकडे हिसके खात नागमोडी जातो. हिसका बसला की तो प्रकाश टाकतो. या रांगेला अंड्युलेटर म्हणतात.

मुलींनी ऑनलाइन चोवीस बटणचुंबकं मागवली आणि लाकडी पट्टीवर चिकटवली: एक उत्तर ध्रुव वर, पुढचं दक्षिण ध्रुव वर. एक आवर्तन तीन सेंटीमीटरचं, कारण आम्ही जे यंत्र समोर ठेवलं होतं त्याचं तेवढंच होतं. वरून होकायंत्र सरकवलं की सुई भर्रकन उलटी, पुन्हा सुलटी, पुन्हा उलटी. सतराव्या चुंबकाशी मात्र ती थबकायची. तासभर आम्ही होकायंत्राला दोष दिला. शेवटी कळलं, सतरावं चुंबक उलटं चिकटलं होतं. ते काढताना फुटलं. फुटलेला तुकडा पट्टीवर तसाच ठेवायचा मुलींचा हट्ट मी मानला. खऱ्या यंत्रातही अशी एक चूक इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेतून ढकलते. तिथे शंभर मीटरच्या रांगेत काही मायक्रॉनांपलीकडे वाकडं चालत नाही.

आमचं यंत्र म्हणजे स्टॅनफर्डची स्लॅक प्रयोगशाळा. तीन किलोमीटर लांबीच्या जुन्या त्वरकाचा शेवटचा एक किलोमीटर वापरून इलेक्ट्रॉनांना १३.६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा दिली जायची. ही सूचना क्लाउडिओ पेलेग्रिनी यांनी १९९२ मध्ये केली होती. १० एप्रिल २००९ रोजी तिथून पहिल्यांदा ०.१५ नॅनोमीटरचा लेझर निघाला. मुलींचा प्रश्न सरळ होता. चुंबकं तीन सेंटीमीटरवर, मग प्रकाश अणूच्या मापाचा कसा?

फळ्यावर हे गणित सुटलं त्या तासाची मला अजून मजा वाटते. १३.६ अब्जाला इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या ऊर्जेने, ०.५११ दशलक्षाने, भागलं: २६,६००. सापेक्षतेनुसार धावत्या इलेक्ट्रॉनला समोरची तीन सेंटीमीटरची लांबी तेवढ्या पटीने आखडलेली दिसते, म्हणजे एक मायक्रॉनहून किंचित जास्त. तो त्या तालावर डोलतो आणि प्रकाश टाकतो. पण तो स्वतःच त्या प्रकाशाच्या मागोमाग धावतोय, त्यामुळे आपल्याला पुढून तो प्रकाश आणखी दाबलेला मिळतो: रेल्वे फाटकाजवळ येणाऱ्या इंजिनाची शिट्टी चढते तसा, फक्त ५३,००० पटीने. उरतात ०.०२१ नॅनोमीटर. नागमोडी चालीत इलेक्ट्रॉनचा पुढचा वेग जरा मार खातो, त्याची दुरुस्ती या यंत्रात साधारण सातपट. सात गुणिले ०.०२१. एकीने हातानेच गुणाकार केला: ०.१४७. मग फळ्याकडे पाहत खडू खाली ठेवला.

इलेक्ट्रॉन प्रकाशाहून किती मागे पडतो, तेही काढलं. दर तीन सेंटीमीटरला बरोब्बर एक तरंगलांबी, ०.१५ नॅनोमीटर. अंड्युलेटर ११२ मीटरचा, म्हणजे सुमारे ३,७०० आवर्तनं. शेवटाला प्रकाश अर्ध्या मायक्रॉनने पुढे. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकीसुद्धा आघाडी नाही. दोघे जवळजवळ हातात हात घालून शंभर मीटर चालतात, आणि या हातात हात घालण्यातच सगळं गुपित आहे.

आरतीतल्या टाळ्या

इथपर्यंत जे झालं त्याला लेझर म्हणता येत नाही. इंदूरच्या इंडस-२ या यंत्रामध्येही अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन वळून क्ष-किरण देतात. तो सिंक्रोट्रॉन आहे, उत्तम आहे, पण लेझर नाही. पुंजक्यात अब्जावधी इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक जण आपल्या मर्जीने प्रकाश टाकतो. एकाचा तरंग वर तेव्हा दुसऱ्याचा खाली. एक अब्ज इलेक्ट्रॉनांचा प्रकाश एकाच्या एक अब्ज पट होतो, बस. सगळे एका तालात आले, तर उंची अब्जपट आणि तीव्रता तिच्या वर्गाच्या पटीत. हे कसं घडवायचं? ताल कोण देणार? आरशातून परत येऊन ताल देणारा उजेडच नाही.

मी शिगम्याच्या रोमटामेळाचं उदाहरण दिलं: ढोल वाजला की रांगा एका पावलावर. मुलीने ते लगेच मोडीत काढलं. "सर, तिथे ढोल आहे. इथे ढोल कुठाय?" बरोबर होतं तिचं. मग तिनेच चवथीची आरती काढली. घरात घुमटवाले, म्हणजे ते वाद्य वाजवून ताल धरणारे, असले तर प्रश्न नाही. पण घुमट नसलेल्या घरात, तीस-चाळीस जण दाटीवाटीने उभे, पहिल्या ओळीला टाळ्या कशाही पडतात. कडव्याच्या शेवटाला बघावं तर सगळ्या एकत्र. कुणी सांगितलेलं नसतं. प्रत्येक जण सगळ्यांचा मिळून आवाज ऐकतो आणि आपली टाळी किंचित मागे-पुढे सरकवतो. सगळ्यांचा आवाज त्याने थोडा नेटका होतो, म्हणून पुढच्याला सरकायला आणखी सोपं जातं.

आम्ही ते व्हरांड्यात करून पाहिलं. बत्तीस मुलं, डोळे मिटून टाळ्या, फोनवर आवाजाची नोंद. पहिले काही सेकंद नुसता पाऊस पडल्यासारखा आलेख, मग हळूहळू सुळके. शेजारच्या वर्गातून तक्रार आली, ती मी ऐकून घेतली.

इलेक्ट्रॉनांचंही असंच होतं. सुरुवातीला प्रकाश विस्कळीत, नुसता गोंगाट. पण त्याचा तरंग नागमोडी इलेक्ट्रॉनांबरोबर चालतो. एखाद्याला तो थोडी ऊर्जा देतो, एखाद्याकडून काढून घेतो. ज्याला मिळाली तो वळणं कमी घेत पुढे सरकतो, ज्याची गेली तो मागे रेंगाळतो. असं करता करता पुंजका पातळ पापुद्र्यांमध्ये विभागला जातो, आणि दोन पापुद्र्यांमधलं अंतर बरोब्बर एक तरंगलांबी. पापुद्रे झाले की सगळे एका तालात प्रकाश टाकतात, प्रकाश वाढला की पापुद्रे आणखी घट्ट. स्लॅकमध्ये तीव्रता दर साडेतीन मीटरला पावणेतीन पट होत गेली आणि साठेक मीटरला पूर्ण भरली. येरझारा नाहीत. सगळं व्याज एकाच फेरीत वसूल. सोव्हिएत संघातले कोंद्रातेंको आणि साल्दिन यांनी हे १९८० मध्येच हिशेबाने दाखवलं होतं; यंत्र व्हायला एकोणतीस वर्षं लागली, कारण तेवढा दाट आणि तेवढा सरळ इलेक्ट्रॉनांचा पुंजका कुणाला जमत नव्हता.

एका सहकाऱ्याने शंका काढली: उत्तेजित अणू नाहीत, आरसे नाहीत, मग याला लेझर म्हणावं का? माझ्या मते म्हणावं. असलेला प्रकाश इलेक्ट्रॉनकडून आपल्यासारखाच आणखी प्रकाश काढून घेतो, हा लेझरचा गाभा इथे शाबूत आहे. ज्याला अणूच हवा त्याच्यासाठीही उत्तर आहे. २०१२ मध्ये याच यंत्राच्या किरणांनी निऑन वायूच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन उडवून १.४६ नॅनोमीटरचा अस्सल अणूंचा लेझर चालवला गेला. गळका हंडा भरायला नदीच वळवावी लागली, एवढंच.

श्वास धरा

मामा आता रोज येऊ लागले होते, भाचीला न्यायच्या वेळेच्या अर्धा तास आधी. त्यांना यंत्रात नव्हे, एक्सपोजरमध्ये रस. "किती वेळ मारायचा?" मी सांगितलं, पन्नास फेमटोसेकंद धरा. तेवढ्यात एक लाख कोटी फोटॉन. मिलिज्यूलभरच ऊर्जा, पण इतक्या थोड्या वेळात कोंबलेली की क्षणभराची शक्ती अब्जावधी वॉट. त्यांच्या नळीत टंगस्टनवर इलेक्ट्रॉन आपटायचे, एक टक्क्याहून कमी ऊर्जेचे क्ष-किरण व्हायचे, बाकीची उष्णता, आणि तेही चारी दिशांना.

"मग पेशंट?"

पेशंट उरत नाही. इथला पेशंट म्हणजे प्रथिनाचा स्फटिक, आणि तो एका झटक्यात फुटून जातो. पण अणूंना हलायला वेळ मिळण्याआधीच किरण विखुरून पुढच्या पडद्यावर पोचलेले असतात. पुढच्या झटक्याला नवा स्फटिक. हजारो झटक्यांची चित्रं एकत्र करून प्रथिनाचा आकार काढतात. २०११ मध्ये प्रकाशसंश्लेषणातल्या एका मोठ्या प्रथिनसंकुलावर हे करून दाखवलं गेलं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीस वर्षं 'श्वास धरा' सांगत होतो. इथे सांगायची गरजच नाही."

नवीन मॉडेल असं झालं: पट्टीवर चुंबकं, फुटका सतरावा तुकडा, वरून तारेवर सरकणारे मणी, आधी विखुरलेले आणि पुढे पुढे एकेका रेषेत जमलेले, शेजारी टाळ्यांचा आलेख. आरसा एकही नाही.

प्रदर्शनात परीक्षकांपैकी एक कॉलेजातल्या प्राध्यापक होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लेझर आहे ना? मग आरसा कुठाय?" भाचीने मामांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं: तो परत येत असता तर फिल्म पेशंटच्या पुढे लावली असती. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "काचेचा नाही चालणार. हिऱ्याचा?"

हे आमच्यापैकी कुणी वाचलं नव्हतं. हिऱ्यात अणूंचे थर इतके नेमाने रचलेले असतात की एका ठरावीक तरंगलांबीला सगळे थर मिळून किरण सरळ परत फेकतात, नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त. तरंगलांबी यत्किंचित बदलली की हिरा पुन्हा पारदर्शक. टाळ्यांतून उठलेल्या तालात दरवेळी थोडा गोंगाट उरतोच, प्रत्येक झटक्याचा रंग थोडा वेगळा येतो. तो आवरण्यासाठी स्लॅकमध्ये २०१२ मध्ये वाटेत हिऱ्याचा पातळ तुकडा ठेवून पाहिला गेला. आणि हिऱ्याच्या आरशांमध्ये क्ष-किरणांना खरोखरच येरझारा घालायला लावायची कल्पना २००८ पासून मांडलेली आहे.

बक्षीस मिळालं ते उत्तेजनार्थ. "उत्तेजित उत्सर्जनाला दुसरं काय मिळणार?" असं भाचीच म्हणाली.

मॉडेल परत आणताना टेम्पो नव्हता, म्हणून ते मामांच्या स्कूटरवर पुढे उभं करून आणलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाहिलं तर पट्टीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तुटक रेषांचे दोन चौकोन काढलेले होते, आणि एकात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हिरा (मामांना विचारून)'.